आतल्या बाजूचा ब्रेक पॅड

डाव्या चाकाच्या आत, कुणाच्या नजरेला न पडणाऱ्या जागी ज्याचं आयुष्य गेलं, तो मी एक जुना ब्रेक पॅड. मित्रांनो, माझी गोष्ट गोड नाही. मी सूड घेतला आहे.

पोलादी पट्टीवर जाड अस्तर चढवून कारखान्यात मला घडवलं. माझ्यासोबत एक जुळा भाऊ होता. चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला आम्ही दोघांनी दोन बाजूंनी घट्ट धरायचं, की गाडी थांबायची. भाऊ बाहेरच्या बाजूला बसला, मी आतल्या. माझ्या पाठीला पत्र्याची एक छोटी जीभ होती. अस्तर संपत आलं की तिने चकतीला घासून किंचाळायचं आणि मालकाला सावध करायचं.

मालक म्हणजे पूनम सागर वसाहतीत राहणारे उत्तम. बायको नीलम, मुलगी आरोही. पहिली वर्षं मी मान मोडून काम केलं. मग आम्हा दोघांना सारखं दाबणाऱ्या पिना गंजून अडकल्या. भाऊ नुसता बसून राहायचा, भार सगळा माझ्यावर. मी तापायचो, जळायचो, रोज थोडा संपायचो.

एकदा उत्तमनी शांती नगरच्या एका गॅरेजात गाडी दाखवली. मेकॅनिकने वाकून चाकाच्या फटीतून पाहिलं. त्याला दिसला तो भाऊ, जाडजूड आणि ताजातवाना.

"साब, पॅड तो एकदम मस्त है! साल भर चलेगा."

शाबासकी भावाला! माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. शेवटी माझी जीभ किंचाळू लागली.

"उत्तम, डावीकडून आवाज येतोय रे," नीलम म्हणाली.

"अगं, मेकॅनिकने बघितलंय ना!" असं म्हणून उत्तमनी गाणी मोठ्याने लावली.

पुढचे कितीतरी दिवस असंच. मी ओरडायचो, ते गाणी वाढवायचे. त्या गाण्यांखाली माझ्या मनात विष साठत गेलं. ऐकू येत नाही ना? मग बघाच! अस्तर संपलं तसा मी उघड्या पोलादाने चकती कोरायला लागलो. प्रत्येक सिग्नलला एक नवा ओरखडा. मला त्यात आनंद वाटायचा, खोटं कशाला सांगू?

एका रविवारी सगळे समुद्रकाठच्या उत्तनला निघाले. उतारावर उत्तमनी ब्रेक दाबला आणि माझ्याकडे धरायला काही उरलंच नव्हतं. डावं चाक फिरतच राहिलं, गाडी उजवीकडे ओढली गेली आणि बोंबील वाळत घातलेल्या बांबूंवर धडकली. बांबू कडाकड मोडले. गाडी थांबली तेव्हा बोंबील उलटवत बसलेली सरूबाई नावाची म्हातारी कोळीण पुढच्या बंपरपासून हातभर अंतरावर होती. मागे आरोही रडत होती.

म्हातारी उठली आणि तिने बोनेटवर दाणकन हात मारला.

"गारी थांबत न्हाय, तं घरान ठेव ना! मी मेली असती तं?"

उत्तम पुटपुटले, "मावशी, ब्रेकचं मला कळलंच नाही."

"कळलं नाही, की ऐकलं नाहीस?" नीलमने विचारलं.

भर उन्हात, बघ्यांच्या घोळक्यात उत्तम मातीतले बोंबील एकेक करून वेचत होते. त्यांची मान खाली गेलेली पाहून मला वाटलं, फिटलं! पण शेजारी सरूबाईही मोडलेले बांबू गोळा करत होती. तिने माझं काय बिघडवलं होतं?

गाडी टो करून घरी आणली. नीलमचे वडील रत्नागिरीत टेम्पो चालवायचे, चाक खोलणं ती त्यांच्याकडूनच शिकली होती. पुढच्या रविवारी सकाळी तिने मागच्या चाकांना विटा लावल्या, जॅक चढवला, खाली स्टँड दिला आणि चाक काढलं. मला बाहेर काढून तिने भावाशेजारी धरलं. तो बोटभर जाड, मी नुसता पत्रा.

"हा बिचारा एकटाच मरत होता," ती म्हणाली. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे पाहिलं.

जाड नव्या पॅडना जागा हवी म्हणून आम्हाला चकतीवर दाबणारा कॅलिपरमधला दट्ट्या मागे ढकलायचा होता. तिने मला दट्ट्यावर ठेवलं आणि शिकंजा आवळायला सुरुवात केली. शेवटची संधी! मी जरासा तिरका झालो असतो, तर दट्ट्या वाकडा अडकून त्याचं रबर फाटलं असतं आणि ब्रेकने पुन्हा दगा दिला असता. उत्तमचं तोंड पुन्हा मातीत गेलं असतं. पण मागच्या सीटवर आरोही असणार होती, आणि रस्त्याच्या कडेला कुणीतरी सरूबाई. मी सरळ राहिलो. दट्ट्या अलगद मागे गेला.

नवी चकती बसली, पिना साफ होऊन त्यांना ग्रीस लागलं. नवा पॅड खाचेत जाईना, तशी उत्तमनी हातोडी उचलली.

"ठोकू नकोस! बोटाने सरकला तरच तो नीट बसला. आधी गंज काढ."

त्यांनी ब्रशने खाच घासली. पॅड सरकला. उजव्या चाकाचेही पॅड बदलले. मग नीलमने गाडी सुरू करण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबून पाहिलं. आवारात हळूहळू एक फेरी झाली. गाडी सरळ, जागच्या जागी थांबली.

मित्रांनो, आता मी भंगाराच्या पिशवीत आहे. जो तुमच्यासाठी झिजतो, त्याचं ओरडणं वेळेवर ऐका. चाकाची आतली बाजूही वाकून बघा. उत्तमना मी माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही. पण तुम्ही उत्तनला गेलात आणि बोंबील वाळवणारी सरूबाई दिसली, तर माझ्या वतीने तिची माफी मागा. मला जाता येणार नाही.