समोरासमोर दोन खुर्च्या

शेडमध्ये नऊ स्टुलं होती आणि सगळी भिंतीलगतच्या लांब टेबलाशी, एका रांगेत. दहाचा चहासुद्धा रांगेतच व्हायचा, तोंडं भिंतीकडे. गावातले निवृत्त पुरुष मंगळवारी आणि गुरुवारी इथे जमून लाकडी खेळणी, पक्ष्यांची घरं बनवत. पॉलिशपेपर घासता घासता, शेजाऱ्याकडे न बघता, एखादा सांगून टाकायचा की बायको गेल्यापासून झोप नाही, किंवा मुलगा फोन उचलत नाही. शेजारचा "हं" म्हणायचा आणि घासत राहायचा. या "हं"वर किती जण तगले, हे क्लेमला बोटांवर मोजून सांगता आलं असतं. तीन नक्की. चौथा तो स्वतः.

यंत्रांची चावी क्लेमकडे. बेसिल हॉस्किन एक्क्याऐंशीचा, जन्मभर कपाटं बनवलेला. क्लेमला करवत धरायला त्यानंच शिकवलं. त्या मंगळवारी बेसिलनं फिरत्या पात्याच्या वरून हात घालून पलीकडची ढलपी उचलली. क्लेमनं लाल बटण दाबून करवत थांबवली. वर्षभरातली ही चौथी वेळ.

"आता त्याला यंत्र बंद," नेव्ह हळूच म्हणाला. "तू सांग. चावी तुझ्याकडे."

"तू सांग ना. तू त्याच्या शेजारी बसतोस."

"म्हणूनच नको. मला गुरुवारीही तिथंच बसायचंय, लेका."

एवढी मोठी गोष्ट रीतसर सांगावी, असं क्लेमला वाटलं. चुकलं ते इथं. त्यानं ऑफिसातून दोन खुर्च्या ओढून आणल्या, समोरासमोर मांडल्या आणि मध्ये केकची ताटली ठेवली. बेसिलनं खुर्च्यांकडे पाहिलं, मग क्लेमकडे.

"कोण मेलं?"

"कुणी नाही रे. बस तर."

बेसिल खुर्चीच्या कडेला टेकला. क्लेमनं घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "तुझ्या सुरक्षिततेच्या दृष्टीनं..." स्वतःचा आवाज त्यालाच परका वाटला. बेसिलनं शेवटपर्यंत ऐकलं, गुडघ्यांवरचा भुसा झटकला.

"काही हरकत नाही," तो म्हणाला. त्या गावात पुरुष हे तेव्हाच म्हणतात, जेव्हा हरकत पुष्कळ असते.

गुरुवारी तो आला नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. बुधवारी क्लेम त्याच्या घरी गेला. बेसिल भांडी विसळत होता. क्लेमनं खुंटीवरचं फडकं घेतलं आणि शेजारी उभा राहिला. तीन बशा पुसून झाल्या.

"माझ्या एडिथचं दुखणं सांगायला डॉक्टरनं अशाच दोन खुर्च्या मांडल्या होत्या," बेसिल नळाला उद्देशून म्हणाला. "ती घरी आलीच नाही मग."

"हं."

"मला ठाऊक आहे रे हाताचं. डोक्याचंही. मुलीला ठाऊक आहे, डॉक्टरला आहे, पोस्टातल्या बाईलासुद्धा आहे. शेडला तेवढं शेवटी कळावं, असं वाटत होतं. तिथं मी अजून बेसिलच होतो."

क्लेम कोरडी झालेली बशी पुसत राहिला. "घासकामाला माणूस नाही. नेव्ह सगळे कोपरे गोल करून ठेवतो."

"नेव्हला काय येतंय." त्यानं नळ बंद केला. "उद्या न्यायला ये. मी नाही म्हणेन. तरी ने."

गुरुवारी क्लेमनं दार वाजवलं. बेसिल बुटांच्या नाड्या बांधून तयार उभा होता.

"आज नाही जमायचं," तो म्हणाला. "गुडघा धरलाय. नळवाला यायचाय. आणि कुत्र्याला एकटं कसं ठेवू?"

कुत्रा दोन वर्षांपूर्वी क्लेमनंच परसात पुरला होता. त्यानं दाराआडची टोपी काढून घेतली आणि गाडीकडे चालू लागला.

"ए, टोपी माझी आहे ती."

"हो," क्लेम मागे न बघता म्हणाला.

थोड्या वेळानं पाठीमागे खडीवर पावलं वाजली, सावकाश. क्लेमनं डोळे पुसून घेतले आणि गाडीचं दार उघडून धरलं.