अकराव्या प्रकरणातला साक्षीदार

ग्रिम्शॉसाहेब ब्याऐंशी वर्षांचे झाले, तेव्हा आपण इतिहास आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. एकोणीसशे सत्तावन्न सालची गोष्ट. व्हाइटफील्डच्या बंगल्यात रोज सकाळी ते आपलं आयुष्य तोंडी सांगत आणि मी ते टाइप करी. साहेब तरुणपणी विलायती मेंढे घेऊन आले, देवनहळ्ळीपलीकडचा माळ त्यांनी शोधून काढला आणि पुढे त्याच मुलखाचे मॅजिस्ट्रेट झाले. एकट्या माणसानं इतकं केल्यावर बाकीच्यांना फारसं काम उरत नाही.

त्यांचा मेंढपाळ रघुजी, वय सत्तर, पायरीवर बसून ऐके. इंग्रजी कळत नसे, पण पुस्तकात आपलं नाव येणार म्हणून कान देऊन असे. माळावरचं बारमाही पाणी साहेबांना त्यानंच दाखवलं होतं. बायकोला, गोजराबाईला, त्यानं नाव छापून येणार असं सांगूनही टाकलं होतं. रोज जाताना मला विचारी, "आलं का, अण्णा?" साहेब अजून बोटीतच आहेत, असं मी सांगे.

अकराव्या प्रकरणात नाव आलं. मी ते त्याला मराठीत वाचून दाखवलं. साहेबांच्या माळावर एक म्हातारा घुसखोर मेंढरं चारताना सापडला. फिर्यादी साहेब आणि न्यायाधीशही साहेब, त्यामुळे तारखा पडल्या नाहीत. मेंढरं जप्त झाली, म्हाताऱ्याला महिनाभर कैद झाली. माळ साहेबांचाच, अशी साक्ष खुद्द घुसखोराच्या मुलानं, रघुजीनं, अंगठा उठवून दिली.

रघुजीनं शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली.

"तो कागद आप्पाच्या चराईचा परवाना म्हणून होता," तो म्हणाला. "साहेबांनीच सांगितलं मला. सुटून आल्यावर आप्पा मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मला वाटायचं, मी गोऱ्याची चाकरी धरली म्हणून."

चाकरी त्याला अंगठा दिला त्याच आठवड्यात मिळाली होती.

आप्पाचं नाव संताजी, ते तरी घाला, असं तो म्हणाला. मी घातलं. साहेबांनी लाल पेन्सिलीनं ते काढलं. शोध लागण्याआधीच माळावर नावागावाची माणसं असणं पुस्तकाला गैरसोयीचं होतं. मग रघुजी स्वतः आत गेला. माझंही नाव काढा, म्हणाला.

साहेब मायेनं हसले. "रघुजी, दिलेली साक्ष मागे घेता येत नाही."

वर त्याच्या पन्नास वर्षांच्या इमानावर त्यांनी लगेच एक परिच्छेद सांगायला घेतला. मी टाइप करत होतो. रघुजीनं साहेबांनी दिलेली घोंगडी खांद्यावरून उतरवली, घडी करून पायरीवर ठेवली आणि तो बाहेर पडला.

परिच्छेद चांगला उतरला. साहेबांनी चष्मा पुसला आणि हे त्याला मराठीत वाचून दाखवा म्हणाले. मी बाहेर जाऊन रिकाम्या पायरीजवळ थोडा वेळ उभा राहिलो. मग आत येऊन, वाचून दाखवलं, असं सांगितलं.