अर्जदाराचा रकाना

“माझ्या मायचं माहेरचं आडनाव काहून पाहिजे यांना? ब्यांक काय सोयरीक जुळवून राहिली का?”

शेषराव पाईकराव हे फॉर्मला नाक लावून पुटपुटले, अगदी हळू. पण केशरबाई हातभर अंतरावर मेथी निवडत बसली होती, आणि कान नर्सबाईचे. पोटातल्या लेकरांचे ठोके ऐकण्यात वीस वर्षं गेलेली. ती मान खाली घालून हसली. नवरा कुरकुरतोय म्हणजे त्याला कामात गोडी लागली आहे, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं.

काम होतं लेकीच्या क्रेडिट कार्डाचं.

ऐश्वर्या नांदेडला विद्यापीठात एमसीएच्या शेवटच्या वर्षाला होती. फेब्रुवारी दोन हजार सातातल्या त्या शनिवारी ती कुरुंद्याला आली ती धुण्याच्या कपड्यांची पिशवी आणि बँकेचा गुळगुळीत फॉर्म घेऊन. कॅन्टीनबाहेर टाय बांधलेला एक पोरगा टेबल मांडून बसला होता आणि सोमवारी दुपारी तो टेबल गुंडाळून दुसऱ्या कॉलेजात जाणार होता. म्हणजे काय ठरवायचं ते या रविवारीच.

गरज खरी होती. मागच्या महिन्यात तिची हैदराबादची मुलाखत हुकली होती. स्टेशनच्या खिडकीवर सकाळभर उभं राहूनही तिकीट मिळालं नाही, आणि खोलीतल्या दुसऱ्या पोरीनं सायबर कॅफेत बसून पाच मिनिटांत काढलं. कॉम्प्युटर तिकीट देतो, पण नोटा घेत नाही. त्याला कार्ड लागतं. आता मार्चात पुण्याच्या दोन कंपन्यांनी बोलावलं होतं. ऐश्वर्या रडत बसणाऱ्यातली नव्हती. तिनं वही काढली, तीन बँकांच्या तीन कार्डांचे तीन रकाने आखले, आणि वर्षाची फी किती, शंभर रुपयांवर पॉइंट किती, त्या पॉइंटांचं पुढं काय होतं, सगळं बारीक अक्षरात लिहून काढलं.

अडचण एकच होती. विद्यार्थ्याला स्वतःचं कार्ड मिळत नव्हतं. आईबापापैकी जो कमावतो त्याच्या नावावर मुख्य कार्ड निघायचं, आणि त्याला जोडून लेकराला दुसरं. ‘जो कमावतो’ हे शब्द ऐश्वर्यानं शनिवारी रात्री जेवताना सांगितले तेव्हा इतक्या भरकन सांगितले की ते ताटात पडायच्या आतच तिनं लोणचं मागितलं.

कारण या घरात त्या शब्दांना बसायला जागा नव्हती. शेषराव सूतगिरणीत टाइमकीपर होते. गिरणी बंद पडून सहा वर्षं झाली. तेव्हापासून घर केशरबाईच्या पगारावर चालत होतं, हे अख्ख्या कुरुंद्याला माहीत होतं आणि घरात कोणालाच माहीत नव्हतं. ती रीत केशरबाईनंच पाडलेली. पगार झाला की ती बँकेतून पैसे काढून आणायची आणि काही न बोलता बाबासाहेबांच्या फोटोमागच्या डब्यात ठेवून द्यायची. डब्यातून काढायचे ते शेषरावांनी. दूधवाला, किराणा, लेकीची मेस, इतकंच काय, केशरबाईच्या स्वतःच्या एसटीचे पैसेसुद्धा शेषरावांकडंच मागायचे. म्हणजे कोणी दिले नाहीत आणि कोणी घेतले नाहीत. शेषरावही काही हातावर हात ठेवून बसणारे नव्हते. पाणी ते भरायचे, पोरीचं गणित त्यांनीच पक्कं केलं होतं, आणि रोज पहाटे बायकोची पांढरी साडी ते अशी इस्त्री करायचे की घडीच्या कडेनं कागद कापावा. झाकली मूठ सव्वा लाखाची. केशरबाईला आपल्या या युक्तीचा मनातून थोडा गर्वच होता.

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला दारात जीप थांबली. केशरबाईचा धाकटा भाऊ रत्नपाल आला होता. वारंगा फाट्यावर त्याचं टायरचं दुकान होतं, आणि ज्या विषयात त्याला मत नाही असा विषय अजून जन्माला यायचा होता. गल्लीत हळद शिजत होती, तिच्या वाफेनं त्याला दोन शिंका आल्या, आणि तिसरी यायच्या आत त्यानं कार्ड निवडलं. पेट्रोलचं. पंपावर घासलं की पॉइंट, पॉइंटांचं पुन्हा पेट्रोल. त्याची योजनाही तयार होती: जीपमध्ये डिझेल त्यानं भाचीच्या कार्डावर भरायचं, रोख पैसे तिच्या हातात द्यायचे, आणि पॉइंट दोघांत निम्मे निम्मे.

“मामा, तुमच्या फाट्यावरच्या पंपाला कार्ड घासायची मशीन हाय का?” ऐश्वर्यानं विचारलं.

“येईल की.”

“मग आल्यावर बघू.” तिनं वहीतल्या पहिल्या रकान्यावर तिरकी रेघ मारली.

शेषरावांचं मन दुसऱ्या कार्डावर बसलं होतं, कारण त्याच्यासोबत बक्षिसांचं रंगीत पुस्तक होतं. कुकर, सुटकेस, टेबलपंखा. ते एकेक पान थुंकी लावून उलटत होते, आणि एका पानावर थांबून त्यांनी पुस्तक लेकीपुढं सरकवलं. बायकांचं घड्याळ होतं, मोठ्या आकड्यांचं, सेकंदकाट्याचं. नाडी मोजायला बरं, एवढंच म्हणाले. कोणाची नाडी, कोण मोजणार, ते त्यांनी सांगितलं नाही. केशरबाईनं मेथीची एकच काडी तीनदा निवडली.

ऐश्वर्यानं हिशेब केला. घड्याळाला बेचाळीसशे पॉइंट, शंभर रुपयांना एक. “चार लाख वीस हजारांची खरेदी केली की घड्याळ फुकट, बाबा.”

रत्नपाल इतका हसला की त्याचा चहा बशीत सांडला. शेषरावही हसले, पण पुस्तक त्यांनी लगेच मिटलं नाही.

राहिलं रेल्वेचं. तिकिटांवर पॉइंट जास्त, पॉइंटांचं पुन्हा तिकीट, आणि पहिल्या वर्षी फी नाही. केशरबाईनं विचारलं की वेळेवर पैसे भरले नाहीत तर काय. तिनं आयुष्यात फुकट म्हणून वाटलेल्या पुष्कळ वस्तू पाहिल्या होत्या आणि त्यांच्या मागून येणारी माणसंही पाहिली होती. ऐश्वर्यानं लपवलं नाही. व्याज असं लागतं की पॉइंट राहतील बाजूला, घरची भांडी जातील. म्हणून ती महिन्याला दोन तिकिटं सोडून काही घेणार नव्हती आणि शिष्यवृत्तीतून सगळेच्या सगळे पैसे तारखेच्या आत भरणार होती. ती हे सांगत होती तेव्हा तिच्या आवाजात कुठं अडखळणं नव्हतं. केशरबाईला वाटलं, ही मुलाखतीला बसली तर समोरचाच घाबरायचा.

तर कार्ड ठरलं. भाकरी झाल्या, मेथी झाली, जेवणं झाली. फॉर्म पुन्हा चटईवर आला आणि सगळेजण त्याच्याभोवती बसले.

पत्ता लिहिला. घर स्वतःचं की भाड्याचं, लिहिलं. फोन शेजारच्यांचा लिहिला. मग ऐश्वर्याचं पेन वर गेलं, पहिल्याच ओळीवर, जी तिनं सोडून दिली होती. अर्जदाराचं नाव. त्याच्याखाली: नोकरी, महिन्याचं उत्पन्न, आणि सोबत पगाराची स्लिप जोडा.

घरात पगाराच्या स्लिपा होत्या. पेटीत, लसीकरणाच्या जुन्या वह्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत. कोणाच्या नावाच्या, ते चौघांनाही माहीत होतं. चौघंही फॉर्मकडं बघत राहिले.

रत्नपालला शांतता सोसत नसे. त्यानं घसा साफ केला. “दाजी, त्याचं काई टेन्शन घेऊ नका. माझ्या वळखीचा ठेकेदार हाय. तुमी त्याच्याकडं सुपरवायझर, म्हयन्याला सा हजार, असा दाखला उद्या सकाळी शिक्क्यासकट आणून देतो. बाप असताना दुसऱ्या कोणाचं नाव काहून लागावं?”

तो वाईट बोलला नव्हता. बहिणीच्या घरची मूठ झाकलेली राहावी, एवढंच त्याला हवं होतं. ऐश्वर्या म्हणाली की बँक फोन करून विचारते, आणि खोटं निघालं तर अर्ज फाडतात, वर नावावर काट मारून ठेवतात. हे सांगताना ती मामाकडं बघत नव्हती, बापाकडं तर नाहीच. आईकडं बघत होती.

केशरबाईला ती नजर कळली. एक शब्द बोलली असती तर काम झालं असतं. पण सहा वर्षांत जो शब्द तिनं नवऱ्याच्या कानावर पडू दिला नव्हता, तो एका कागदासाठी आणि तोही भावासमोर काढायचा? पोरगी हुशार आहे, खिडकीवर अजून लवकर जाऊन उभी राहील. तिनं पदरानं हात पुसले आणि नेहमीच्या सवयीनं, नेहमीच्या आवाजात म्हणाली,

“राहू दे मग ते कार्ड. पुण्याच्या तिकिटाला बाबा देतील की रोख.”

ऐश्वर्यानं वही मिटली. वाद घातला नाही, हट्ट केला नाही. पेनाला टोपण लावलं आणि फॉर्मची घडी घालायला घेतली.

शेषरावांनी त्या घडीवर हात ठेवला.

“बाबा कुठून देतील, केशर?”

दुसऱ्यांसमोर त्यांनी तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. रत्नपाल चटईकडं बघू लागला. शेषरावांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा चढवला, आणि फॉर्म लेकीपुढं सरळ करून ठेवला. आवाज चढला नाही, बसलाही नाही.

“काढ ते टोपण, ऐशू, अन नीट लिही. अर्जदार, केशरबाई शेषराव पाईकराव. नोकरी, नर्स. गिरणी बंद पडल्यापासून मला एक रुपाया पगार न्हाई, या घरात कमावती तुझी माय हाय.”