नाल्याकाठचे अकरा साग

मित्रांनो, मी एक जुना शिक्क्याचा हातोडा आहे. माझ्या एका बाजूला कुऱ्हाडीचं पातं आहे आणि दुसऱ्या बाजूला सरकारी खूण कोरलेली आहे. चांद्याच्या लोहाराने मला घडवलं. पात्याने झाडाची साल सोलायची आणि आतल्या लाकडावर खूण ठोकायची. खूण उमटली की ते झाड तोडायचं.

सिंदेवाहीच्या जंगलात मी हजारो झाडांवर उमटलो. कोणतं झाड पडणार, हे दूरच्या कचेरीत ठरे. लाकूड ठेकेदार नेई. जंगलात राहणारे नुसती रोजी घेत.

१९५७ साली गावाने सहकारी संस्था काढली आणि जंगलाचा एक तुकडा तिला मिळाला. तोडायची झाडंही आता गावानेच दाखवायची होती! जंगलरक्षक गुणवंतरावांना ते पटलं नव्हतं, तरी मला खांद्यावर टाकून ते आले.

नाल्याच्या काठावर अकरा साग उभे होते. एकेकाला कवेत घ्यायला तिघे लागत.

संस्थेचा मुखिया सुकलू म्हणाला, "भाऊ, याईतच आमचं वर्ष निघते. ठोका."

गुणवंतरावांनी मला उचललं. तेवढ्यात नाल्यावर पाणी भरायला आलेल्या गावातल्या नीलाबाई डोक्यावरची घागर उतरवून आडव्या आल्या.

"ठोकू नका! याईच्या मुळ्यांनं काठ धरून ठेवला हाय. झाडं गेले त नाल्यात पानी राहीन काय?"

"मंग लोकाईले वाटा काय देऊ?" सुकलू चिडला.

"टेकडीवर दाटलेले, वाकडे झाडं हायेत. ते घे. मेहनत लय, मिळन कमी. पन दरसाल मिळन."

सुकलू मान वर करून कितीतरी वेळ त्या शेंड्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "चला टेकडीवर."

मित्रांनो, उगारलेला मी खूण न ठोकताच खाली आलो. असं पूर्वी कधीच झालं नव्हतं. मीही वर पाहिलं. केवढी उंच होती ती झाडं! इतकी वर्षं मला फक्त बुंधेच दिसले होते.

त्या वर्षी वाटा कमी पडला. दोन घरं रागावून संस्था सोडून गेली. सुकलूने सारं ऐकून घेतलं. दुसऱ्या उन्हाळ्यात शेजारच्या ठेकेदारी जंगलातला, काठची झाडं तोडलेला नाला कोरडा पडला. इथे मात्र बाया घागरी भरत होत्या. ती दोन घरंही परत आली.

पुढच्या तोडीला गुणवंतराव आले. मला हात लावण्याआधी त्यांनी टोपी काढली आणि विचारलं, "नीलाबाई, औंदा कोनते?"

मित्रांनो, माझ्यासारखं हत्यार कुणाच्या हाती द्यायचं, हे ठरवण्याची पाळी तुमच्यावर येईल, तेव्हा तिथलं पाणी कोण भरतं ते आधी विचारा.