आळीचा विस्तव

सिप्रियन बहारीनच्या तेलविहिरींवर कामाला होता आणि त्याचा मेहुणा प्लासिड बोटीवर. दोघे एकाच वेळी सुट्टीवर गावी, निर्मळला आले, की ओटीवर साऱ्या जगाचा गॅस पेटायचा.

"तिकडं तेलाबरोबर गॅस निघतो नि जागच्या जागी जाळून टाकतात," सिप्रियन म्हणायचा. "न्यायला नळच नाय."

"म्हनून ते मागं, दाजी! इटलीत शेताखालून नळ घातलेत. अमेरिकेत एका राज्यातला गॅस दुसऱ्या राज्यातल्या रांधपखोलीत. आपल्याकडं पन नळच येनार. थांबायचं!"

आत सिप्रियनची बायको ॲनी चुलीपुढं खोकत असायची. डॉक्टरांनी धुरापासून दूर राहायला बजावलं होतं. रात्री तिला धाप लागे. आणि हे दोघे देश तोलत बसलेले. त्यांच्या डोक्यावर घागर ओतावी असं मला, शेजारणीला, वाटे.

शेवटी ॲनीनंच हातपाय हलवले. मुंबईत नव्यानं मिळू लागलेला गॅसचा सिलिंडर नि शेगडी तिनं भाजीच्या रिकाम्या परतणाऱ्या लॉरीतून मागवली, नाक्यावरून बैलगाडीत घातली आणि चूल विझवली. नळवाले बघतच राहिले.

दुसऱ्या सकाळी आम्ही बायका खापऱ्या घेऊन तिच्या दारात! घरात काडेपेटी असली तरी विस्तव ॲनीकडून हंसानं न्यायचा, हंसाकडून बेलानं, ही आमच्या आळीची रीत. आता निखारे कुठले?

"मंग चा तरी हितंच करून नेते," हंसा म्हणाली. पाठोपाठ बेलाचं दूध, माझी पेज. सिलिंडर आठवडाभरात रिकामा.

"नळ असता तर संपला नसता," प्लासिड म्हणाला.

दुसरा सिलिंडर आला त्या दिवशी ॲनीनं मातीची चूल उचलून ओटीवर दोघांच्या मधोमध ठेवली. "आळीला विस्तव पुरवायचं खातं आता तुमचं."

मी खापरी घेऊन गेले, तर सिप्रियन खोकून खोकून भिंतीला टेकलेला. "ही रोज हे..." एवढंच म्हणाला. मला त्याची कीव आली, पण फार नाही.

प्लासिडनं डोळे पुसत आत हाक मारली, "ॲनी, सुकी लाकडं कुठं ठेवलीस गं?"

"सुकी? दर पावसाळ्याआधी सांगते, लाकडं छपराखाली रचा म्हनून. तुमी दोघं अमेरिकेत असता."

दोघे उठले आणि छपराखाली लाकडं रचायला लागले.