तंबूतला ‘ट्राय’

शाळेत बाईंनी ‘ट्राय’ म्हणजे प्रयत्न करणे असं शिकवलं होतं. टिग्वेलच्या मुष्टियुद्धाच्या तंबूत त्याचा अर्थ एकच, खरोखर मारणं. बाकी सगळं नाटक. गावातला एखादा गडी लढायला आला की तंबूतल्या पगारी मुष्टियोद्ध्याने, सेल्विनने, दोन खायचे, दोन द्यायचे, लोक खूश. पण मालक टिग्वेल कानाशी ‘ट्राय’ पुटपुटला की समोरच्याचं काही खरं नाही.

त्या दुपारी क्वीन्सलंडच्या जत्रेत ढोल वाजला आणि आव्हान घ्यायला तंबूबाहेरच्या फळीवर चढला कोण? सेल्विनचा सख्खा धाकटा भाऊ, लाइल!

"तीन फेऱ्या टिकलास तर कायमचा तंबूत ठेवून घेतो," टिग्वेल म्हणाला.

अकरा वर्षांत ह्या तंबूने सेल्विनचा डावा डोळा खाल्ला होता, बुटाचे बंद बांधतानासुद्धा हात थरथरायचे. छे! पहिल्याच फेरीत आडवा करायचा आणि घरी धाडायचा.

"जा लाइल्या, मेंढ्या कातर जा."

"का रे दादा, फाटली?"

सेल्विनने मारला. नाक फुटलं. दुसऱ्या फेरीत भुवई फाटली, त्याची बरगडी मोडल्याचा आवाज सेल्विनने स्वतः ऐकला. लाइल पडला, उठला. पुन्हा पडला, रक्ताची गुळणी थुंकून पुन्हा उठला. तिसऱ्या फेरीत सेल्विनने सगळा जीव उजव्या हातात ओतला आणि जबड्यावर हाणला. हातातच काहीतरी कडकन मोडलं. आणि तो गाढव उभाच! घंटा झाली.

टिग्वेल खुशीत पुढची गर्दी बोलवायला बाहेर गेला. सुजलेल्या तोंडाने लाइल हसला.

"दादा, खरं सांग. ट्राय केलंस ना?"

एवढं अंगावर झेलून पोरगं फक्त तेवढंच विचारत होतं. सेल्विनला रडू फुटणार होतं.

"कुठलं रे! खरं मारलं असतं तर उठला असतास? आईसाठी सोडलं तुला."

लाइलचा चेहरा पडला. त्याने ग्लोव्ह भिरकावले, एक घाणेरडी शिवी हासडली आणि मागच्या कनातीतून घरच्या रस्त्याला लागला. वळूनही पाहिलं नाही.

मग सेल्विनने दातांनी उजव्या ग्लोव्हची दोरी सोडली. आत बोटं मोडून वाकडी झाली होती.