वाढदिवसाची टाचणी

सिप्रियानने, माझ्या भाचीच्या तेव्हाच्या नवऱ्याने, तिचा जबडा मोडला, तेव्हा तिच्या भावाने, मार्सेलने, लोखंडी पाना घेऊन त्याला गाठलं आणि त्याच्या बरगड्या मोडल्या. जबड्यासाठी सिप्रियानला काही महिने मिळाले. बरगड्यांसाठी मार्सेलला काही वर्षं. मार्सेल नुकताच पॅरोलवर सुटून आला होता आणि अट साधी होती : पुन्हा कोणावर हात उचलला, तर उरलेली सगळी शिक्षा आत.

क्लोटिल्डच्या, म्हणजे माझ्या त्या भाचीच्या, चाळिसाव्या वाढदिवसाला आम्ही जॅझ ऐकायला गेलो. तिचीच इच्छा होती. जबडा मोडल्यापासून ट्रम्पेटचा आवाज आला की ती खिडकी लावून घ्यायची. सिप्रियान ट्रम्पेट वाजवतो. पण त्या रविवारी ती लिंबाच्या रंगाचा झगा घालून उभी राहिली आणि म्हणाली, "न्यू ऑर्लीन्समधली सगळी ट्रम्पेटं काही त्याच्या बापाची नाहीत."

आम्ही चौघं होतो. क्लोटिल्ड, तिची आठ वर्षांची सिमोन, मार्सेल आणि मी. ट्रेमे वस्तीतला आमच्या मंडळाचा जुना हॉल, दुपारची वेळ, मागच्या बाजूला तळलेले मासे आणि बटाट्याचं सॅलड. हॉलमध्ये शिरण्याआधीच मी क्लोटिल्डच्या छातीवर एक डॉलरची नोट टाचली. आमच्याकडे वाढदिवसाची खूण तीच. ती पाहिली की ओळखीचा असो वा नसो, जो तो येऊन आपली नोट तिच्याशेजारी टाचतो. सिमोनने विचारलं, एखादा आवडत नसला तर? मी तिला समजावलं की टाचणी घेऊन आलेल्याला परत पाठवायचं नसतं, अशी रीत आहे.

वाजवणारे नदीपलीकडचे होते. म्हातारा अल्सीद ड्रमवर होता आणि असा ठोकत होता की पायाखालच्या फळ्या दणाणत होत्या. पहिल्याच गाण्याला क्लोटिल्डचे खांदे सैल झाले. दुसऱ्याला ती उठून नाचली. मार्सेल तिच्याकडे बघून हसत म्हणाला, मावशी, ही गुडघे मोडून घेणार आज.

तेवढ्यात सिप्रियान आत आला. हातात ट्रम्पेटची पेटी.

मी मार्सेलच्या मनगटावर हात ठेवला. त्याची नस माझ्या बोटांखाली उड्या मारत होती. उठून निघावं, असं मी म्हणाले. क्लोटिल्ड खुर्चीत बसली आणि कोणाकडेही न बघता म्हणाली, ती जाणार नाही. कोर्टाने त्याला तिच्यापासून लांब ठेवलं होतं, त्या हुकमाची मुदत संपली होती. हॉल त्याच्याइतकाच तिचाही होता.

वाद्य घेऊन आलेल्याला स्टेजवर जागा द्यायची, ही वाजवणाऱ्यांची रीत. अल्सीदला काही ठाऊक नव्हतं. त्याने काठीने खूण करून सिप्रियानला वर बोलावलं. तो वाजवू लागला आणि हॉल ओरडला. तो चांगला वाजवतो, हे मला लपवायचं नाही. पण त्या दिवशी तो क्लोटिल्डवर रोखून वाजवत होता. प्रत्येक सूर थोबाडीत मारल्यासारखा. सिमोनने दोन्ही कान दाबून धरले. मार्सेल अर्धा उठला. मी त्याचा पट्टा धरून त्याला खाली ओढला.

"तेच हवंय त्याला," मी म्हणाले. "तू आत गेलेला."

"मग जातो."

"आणि ही पोरगी कोण सांभाळेल? मी? माझं वय बघ."

तो बसला. मांडीवरच्या मुठी मात्र सुटल्या नाहीत.

गाणं संपल्यावर अल्सीदने माइकवरून विचारलं, की त्या लिंबू रंगाच्या बाईंचा वाढदिवस दिसतोय, तर बसलात काय सगळे? लोक हसत रांगेत आले. नोटा टाचल्या, गालाचे मुके घेतले. आणि रांगेच्या शेवटी सिप्रियान आला. ट्रम्पेट काखेत, एका हातात नोट, दुसऱ्यात टाचणी. मार्सेलच्या तोंडून नुसता आवाज आला, शब्द नव्हे. मी त्याच्या हातावर माझं सगळं वजन टाकून बसले.

सिप्रियान वाकला. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, जुना नवरा समेट करतोय. मी शेजारी होते. त्याने नोट ठेवली आणि टाचणी सरळ आत दाबली, कापडातून मांसात, अंगठ्याने, डोक्यापर्यंत. क्लोटिल्ड ओरडली नाही. झग्यावर लाल ठिपका आला आणि पसरू लागला.

"अजून माझीच आहेस," तो हळूच म्हणाला.

तिने त्याच्या काखेतून ट्रम्पेट ओढून घेतलं. दोन्ही हातांनी धरलं आणि त्याच्या तोंडावर घातलं. दात फुटल्याचा आवाज मी ऐकला. तो गुडघ्यांवर आला, तेव्हा तिने पुन्हा घातलं, ओठांवरच. ओठ गेले की ट्रम्पेट वाजवणाऱ्याचं काय उरतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तो रक्त आणि दातांचे तुकडे थुंकत जमिनीवर पडला. तिने तिसऱ्यांदा हात उचलला, तेव्हा मार्सेल माझ्याखालून निसटला आणि त्याने ट्रम्पेट तिच्या हातातून काढून घेतलं.

दारावर पहाऱ्याला असलेला पोलीस गर्दी फोडत आला, तो हे बघायला : खाली सिप्रियान, आणि वाकडं, रक्ताळलेलं ट्रम्पेट हातात धरून उभा मार्सेल, ज्याची तुरुंगवारी त्याला ठाऊक होती. त्याने पिस्तुलावर हात ठेवला.

"मी मारलं," मार्सेल म्हणाला.

क्लोटिल्ड म्हणाली, तिने मारलं. पोलिसाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने मार्सेलला भिंतीवर आपटलं, गाल विटांना घासला, हात मागे पिरगाळले. हॉलभर माणसं होती आणि एकानेही काही पाहिलं नव्हतं. पोलिसासमोर आमच्याकडे कोणी काही पाहत नाही.

मी पुढे झाले. आयुष्यभर मी लहान मुलांना शिकवलं, घाबरलेल्या मुलाशी कसं बोलायचं ते मला येतं, आणि पिस्तुलावर हात ठेवलेला तो पोरगा घाबरलेला होता. मी त्याला सावकाश, क्रमाने सांगितलं. आधी नोट. मग टाचणी. मग कोणी काय उचललं आणि कोणी कोणाला किती वेळा मारलं.

"मावशी, तोंड बंद ठेव," मार्सेल भिंतीला तोंड लावून म्हणाला.

"तू बंद ठेव. दर वेळी मारामारी तुझीच असते असं नाही."

क्लोटिल्डने छातीवरच्या रक्ताळलेल्या नोटेवर बोट ठेवलं. टाचणी अजून आत होती, नुसतं डोकं बाहेर. पोलीस ते पाहत राहिला. मग रांगेतली एक बाई म्हणाली, खरं आहे. मग अल्सीद म्हणाला. मग बरेच जण.

पोलिसाने मार्सेलचे हात सोडले आणि क्लोटिल्डला बेड्या घातल्या. वकील टाचणीचं काय ते बघेल, तो पुटपुटला. मार्सेल माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच तिला मारलंय. मी नजर वळवली नाही.

दाराशी क्लोटिल्ड थांबली. तिच्या आणि सिप्रियानच्या रक्ताने झगा पोटापर्यंत लाल झाला होता आणि ती शांत श्वास घेत होती.

"घरी जा," ती भावाला म्हणाली. "सिमोनच्या पोटात सकाळपासून काही नाही."

मार्सेल तिथेच उभा राहिला. गालावरचं रक्त त्याने बाहीला पुसलं, मग सिमोनजवळ गेला आणि मासे खाणार का, असं तिला विचारलं.